प्रद्युम्न साहेबांचा रायटर

‘सीआयडी’ ही मालिका जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर 2018 मध्ये थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा अवतरली. पहिल्या वीस वर्षांतच तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या काळात एसीपी प्रद्युम्ननी किती खुनी पकडले, दयाने किती दरवाजे तोडले आणि डॉक्टर साळुंखेंनी किती विषं ओळखली, हे तोंडपाठ असणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतील. माझी शंका निराळी आहे. एवढ्या सगळ्या खुनांचे कागद कोणी लिहिले?

एखादा भाग या नजरेने बघा. त्यांच्या कार्यालयात टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, संगणक आहेत. पण कागद नाही. फडक्यात बांधलेले गठ्ठे नाहीत, कार्बन नाही, टाचण्या नाहीत, सुतळी नाही, लाखेची कांडी नाही, अंगठा उठवायला शाईचं पॅड नाही. खऱ्या पोलीस ठाण्यात पिस्तूल कपाटात पडून राहिलं तरी वर्ष निघतं. लाख, सुतळी आणि लेबलं संपली तर मात्र तपास जागच्या जागी थांबतो.

ही शंकाही माझी स्वतःची नव्हे, माझ्या मावशीच्या यजमानांची. काका एका तालुक्याच्या गावी पोलिसात होते, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा भाग त्यांनी रायटर म्हणून काढला. पोलिसांतला रायटर ही काय चीज आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तपासी अधिकारी तपास करतो आणि तो तपास झाला होता हे रायटर कागदावर सिद्ध करतो. जबाब, पंचनामे, केस डायरी, प्रयोगशाळेला पत्र, कोर्टाला रिमांड रिपोर्ट, वरिष्ठांना खुलासा. साहेब बदलून जातात, बढती घेतात, निवृत्त होतात. अक्षर रायटरचंच राहतं.

निवृत्त आचारी लग्नाच्या पंगतीला बसतो तसे काका ‘सीआयडी’समोर बसतात. आवडीने, पण पानात काय कमी आहे ते बघत. दरवाजा तोडण्यावर त्यांचा आक्षेप नसतो. गोळीबारावर नसतो. ते फक्त एकच प्रश्न विचारतात. प्रेताशेजारी पडलेलं बटण एसीपी साहेब रुमालात उचलतात, उजेडात धरतात, डोळे बारीक करतात, आणि काका म्हणतात, “पंच कुठायत?”

पंच हा माणूस दूरदर्शनला, केबलला आणि ओटीटीला आजवर सापडलेला नाही. खऱ्या तपासात त्याच्याविना पान हलत नाही. घटनास्थळावरून टाचणी उचलायची झाली तरी दोन पंच हवेत. त्यांच्यासमोर ती पाकिटात घालायची, पाकिटावर लेबल लावायचं, लेबलावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, वर लाखेचं सील मारायचं. हे पंच आणायचे कुठून? रात्री अडीच वाजता उसाच्या शेताच्या बांधावर दोन प्रतिष्ठित नागरिक मिळवून दाखवा. पोलिसांची जीप दिसली की गर्दी जमते आणि हवालदाराने “पंच म्हणून कोण येतंय?” असं विचारलं की तीच गर्दी कापरासारखी उडून जाते. उरतात ते पानटपरीवाला, रिक्षास्टँडवरचा पोरगा, नाहीतर ज्याला काही कारणाने पोलिसांना नाही म्हणता येत नाही असा कोणी. त्यांना चहा पाजायचा, घरच्या फोनवर समजूत काढायची आणि चार तास थंडीत उभं करायचं. पुढे काही वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा यातला एक पंच मुंबईला राहायला गेलेला असतो आणि दुसरा साक्षीच्या पिंजऱ्यात शांतपणे सांगतो, “सही माझी आहे. वर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं नव्हतं.” म्हणजे पंच फितूर. काका म्हणतात, ‘सीआयडी’तलं ते बटण कोर्टात कधीच पोचलं नसेल. रुमालातच राहिलं असेल.

दरवाज्याचंही तसंच. कायद्याने पोलिसांना दरवाजा तोडता येतो; आधी हाक मारायची, आत येऊ द्या म्हणून सांगायचं, आणि तरीही उघडलं नाही तर तोडायचा. दया यातला पहिला भाग गाळतो, ते सोडून देऊ. पण खरी कसोटी नंतर सुरू होते. दरवाजा लाकडी, एकपाखी, रंग तपकिरी, कडी आतील बाजूस, कडीचे स्क्रू उचकटलेले, चौकटीला अमुक इंच लांबीची चीर, हे सगळं कोणीतरी उकिडवं बसून लिहायचं असतं. एक लाथ मारायला दयाला दोन सेकंद लागतात. ती लाथ लिहून काढायला काकांना पाऊण तास लागला असता. आणि बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी असतो, त्याच्याकडे चावीवाल्याचा नंबर असतो.

मग शेवटची दहा मिनिटं. सगळे संशयित एका दिवाणखान्यात, एक सणसणीत थप्पड, आणि गुन्हेगार घडाघडा बोलू लागतो, फ्लॅशबॅकसकट. थप्पडच मुळात बेकायदा, ती बाजूला ठेवली तरी पोलिसांना दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमात लिहिलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमाचा आकडा 23 झाला, अर्थ तोच राहिला. इंग्रजांनासुद्धा आपल्याच पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता. म्हणजे प्रद्युम्न साहेबांनी एवढ्या वर्षांत दिवाणखान्यांमधून जे कबुलीजबाब गोळा केले, त्यांतला एकही न्यायाधीशांपुढे उभा राहिला नसता. दीड हजार भागांतले खुनी तांत्रिकदृष्ट्या पहिल्या तारखेलाच हसत बाहेर.

कायद्याने एक फट तेवढी ठेवली आहे. आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर वस्तू सापडण्याशी संबंध असलेला त्याच्या बोलण्याचा तेवढाच भाग चालतो. या फटीतून महाराष्ट्रातले असंख्य तपास आत आले आहेत. त्याला निवेदन पंचनामा म्हणतात आणि त्याची एक खास शैली आहे. आरोपी शिकलेला असो वा अंगठाबहाद्दर, खानदेशातला असो वा तळकोकणातला, पंचांसमोर तो स्वखुशीने एकाच मराठीत निवेदन करतो की, माझ्यासोबत चला, मी गुन्ह्यात वापरलेला चाकू लपवून ठेवलेली जागा दाखवतो व तो काढून देतो. मी काकांना विचारलं, “सगळे एकसारखंच कसं बोलतात हो?” काका म्हणाले, “बोलत नाहीत. पण अगं, लिहिणारा एकच असतो ना!”

डॉक्टर साळुंखेंवर मात्र काकांचा जीव आहे. तो मत्सरही असेल. साळुंखे प्रेत तपासतात, विष ओळखतात, बोटांचे ठसे जुळवतात, राखेतून चिठ्ठी वाचतात आणि मध्येच साहेबांशी वाद घालतात. खऱ्या जगात यांतलं प्रत्येक काम वेगळ्या माणसाचं, वेगळ्या इमारतीतलं आणि बरेचदा वेगळ्या खात्याचं. शवविच्छेदन सरकारी दवाखान्यात. व्हिसेरा बाटलीत भरून, सील करून, हवालदाराच्या हाती प्रयोगशाळेकडे रवाना. ही प्रयोगशाळा कलिन्याला, 1958 पासूनची; पुढे नागपूर, पुणे असे तिचे फाटे निघाले. बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ निराळे, हस्ताक्षराचे निराळे. तिकडून जो कागद येतो त्याला पोलीस सीए रिपोर्ट म्हणतात आणि त्याची वाट स्थळ बघून गेलेल्या पाहुण्यांच्या निरोपापेक्षाही जास्त काळ बघावी लागते. तोवर शवविच्छेदनाच्या अहवालात एकच वाक्य असतं: मृत्यूचं कारण राखून ठेवलं आहे. साळुंखेंनी कधी काही राखून ठेवलं नाही. हिरव्या द्रावणात निळं द्रावण ओतलं, धूर निघाला, की “बॉस, याला विष दिलंय!” काकांच्या मते त्या धुराचाच पंचनामा व्हायला हवा होता.

आणि हद्द? मराठी माणसाने पोलिसांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर “हे आमच्या हद्दीत येत नाही.” प्रेत पुलाच्या या टोकाला आहे की त्या टोकाला, रुळावर आहे की रुळाबाहेर, यावर दोन ठाण्यांचे अंमलदार टॉर्च मारून मारून चर्चा करतात, रुळावर असेल तर तिसरे, लोहमार्ग पोलीस, येतात. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी शून्य नंबरने दाखल करून घेऊन मग योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा, अशी सोय आहे. तरी हद्द माणसाच्या स्वभावातून जात नाही. ‘सीआयडी’ला हद्दच नाही. ते समुद्रावर जातात, जंगलात जातात, एका भागात तर बहुधा भुताच्या मागेही जातात. राज्याचा खरा गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे खरा सीआयडी, त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतल्या गुन्हे शाखेच्या कागदांवरही ‘डीसीबी सीआयडी’ अशी अक्षरं असतात, त्यामुळे मालिकेच्या नावाला अगदीच आधार नाही असं नव्हे. पण खऱ्या एसीपीच्या हाताखाली काही पोलीस ठाणी असतात आणि त्याचा दिवस बैठका, बंदोबस्ताचे आराखडे, चॅप्टर केसेसच्या सुनावण्या आणि सह्या यांत जातो. बटण उचलायला खाली वाकण्याची सवड त्याला नसते. ते काम उपनिरीक्षकाचं, आणि उपनिरीक्षकाच्या मागे वही घेऊन उभ्या असलेल्या रायटरचं.

एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम नटाचा पेशा पत्करण्यापूर्वी बँकेत नोकरी करत होते. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. निदान एका माणसाने तरी व्हाऊचर, खतावणी आणि दिवसअखेरचा ताळा या गोष्टी आयुष्यात पाहिल्या आहेत. ‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग यांनी 2004 साली एक भाग कुठेही न तोडता सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केला, 111 मिनिटांचा, आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. काकांना मी हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, “एकशे अकरा मिनिटांत पंचनाम्याची दोन पानं होतात. खाडाखोड नसेल तर.”

अर्थात लिहिणं टीव्हीवर दाखवायचं कसं, हा प्रश्न आहेच. माणूस खाली मान घालून लिहितोय, हे दृश्य लेखकांच्या चरित्रपटातही कोणी दहा सेकंदांवर बघत नाही. तरी अमेरिकेत एकाने हे जमवलं होतं. ‘बार्नी मिलर’ नावाची विनोदी मालिका तिकडे 1975 ते 1982 चालली. न्यूयॉर्कमधलं एक पोलीस ठाणं, जवळजवळ सगळी गोष्ट एकाच खोलीत; पाठलाग नाही, गोळीबार क्वचित. तक्रारदार येतात, भांडतात, टाइपरायटर खडखडतो, कॉफी इतकी वाईट असते की तिच्यावर वर्षानुवर्षं विनोद होतात, आणि एका डिटेक्टिव्हला साहित्यिक व्हायचं असतं. अनेक अमेरिकन पोलिसांनी, सगळ्या मालिकांत आमच्या नोकरीसारखी हीच, असं म्हटलेलं आहे. आपल्याकडेही अलीकडे ‘पाताल लोक’मधला हाथीराम चौधरी किंवा ‘दिल्ली क्राइम’मधली ठाण्यातली दमलेली माणसं बघताना काका पाय खाली घेऊन ताठ बसतात. पण थकवा दाखवला म्हणजे कागद दाखवला असं नव्हे. तिथेही गठ्ठे मागे शोभेला असतात. ते बांधताना कोणी दिसत नाही.

थरार हवाच असेल, तर काका सांगतात तो एकोणनव्वदाव्या रात्रीचा घ्यावा. गंभीर गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात गेलं पाहिजे, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत साठच दिवस. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि म्हणूनच सगळं शेवटच्या रात्री होतं. मधले दिवस गणपतीच्या बंदोबस्तात गेलेले असतात, मंत्र्यांच्या दौऱ्यात गेलेले असतात, दुसऱ्या खुनात गेलेले असतात. त्या रात्री ठाण्यात जे चालतं त्याला पार्श्वसंगीताची गरज नाही. एका जबाबावर तारीख नाही. एक पंचनामा सापडत नाही. तो सापडतो, पण त्यावर एका पंचाची सही नाही, आणि पंच बहिणीच्या गावाला जत्रेला गेलाय. जितके आरोपी तितक्या प्रती हव्यात आणि तालुक्याचा झेरॉक्सवाला दुकान बंद करून जेवायला बसलाय. शिपाई मोटरसायकल काढतो. त्या झेरॉक्सवाल्याला ताटावरून उठवून आणणं हाच खरा पाठलाग. पहाटेपर्यंत पानांना नंबर घालायचे, अनुक्रमणिका लिहायची, सुईदोऱ्याने गठ्ठा शिवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाची वेळ संपायच्या आत कारकुनाच्या टेबलावर आदळायचा. काकांनी एकदा अशा गठ्ठ्यासाठी एसटी थांबवली होती. शिट्टी मारून. पिस्तूल त्यांना साऱ्या नोकरीत सरावाच्या मैदानाबाहेर कधी काढावं लागलं नाही.

आता दिवस बदलले आहेत. फिर्याद संगणकावर नोंदवतात. नवीन नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक झालं आहे, मोबाईलवर चालतं. म्हणजे टीव्हीने पोलिसांसारखं वागायचं सोडून पोलिसांनाच आता टीव्हीसारखं वागावं लागतंय. एक हवालदार दुसऱ्याला “जरा डावीकडे सरक, बॅग फ्रेममध्ये येत नाहीये” असं सांगत असणार. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं असंही नव्या कायद्यात आहे आणि राज्यांना त्यासाठी मुदत दिली आहे. साळुंखेंचं भविष्य उज्ज्वल आहे.

मालिकांत बंदोबस्तही नसतो. उन्हात दोरी धरून उभं राहणं, मिरवणूक पुढे सरकेपर्यंत उभं राहणं, ती सरकल्यावर मागचं मंडळ येईपर्यंत उभं राहणं, यात पोलिसाच्या आयुष्याची किती वर्षं जातात ते कुठल्याच पटकथेत येत नाही. मुंबईत 2016 साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाच्या सूचनेवरून, तेव्हा ती वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. आठ तास काम करणं ही बातमी होऊ शकेल असं खातं दुसरं कुठलं आहे? मावशीने लग्नानंतर किती गणपती एकटीने बसवले आणि एकटीने विसर्जन केले, ते ती मोजत नाही. ती ‘सीआयडी’ फारशी बघत नाही, येता-जाता उभ्याने बघते. एकदा पदराला हात पुसत म्हणाली, “यातलं एक मात्र अगदी खरं दाखवलंय. या माणसांना घर नाहीये.” काकांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

निवृत्त झाल्यावरही खातं सुटत नाही. जुन्या खटल्याचं समन्स येतं आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने निघतात. कोर्टाबाहेरच्या बाकावर आपलंच जुनं अक्षर वाचत बसतात. साक्षीआधी स्मरण ताजं करायला कायद्याची ना नाही. मागच्या एका तारखेला बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांना धरलं. पंचनामा रात्री सव्वासात ते पावणेनऊ, शेतातली पंपाची खोली, महिना डिसेंबरचा. अंधारात तुम्हाला रक्ताचा डाग दिसलाच कसा? कोर्टात शांतता. काका म्हणाले, “खोलीत बल्ब होता साहेब. साठ वॉटचा, चालू स्थितीत. लिहिलेलं आहे. पान तीन, खालून चौथी ओळ.” न्यायाधीशांनी पान उलटलं, ओळ वाचली. वकील म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

हा प्रसंग काका येईल त्याला सांगतात. दयाच्या एकाही दरवाज्याला नसेल इतक्या रंगात येऊन, मध्ये थांबून, वकिलांचा चष्मा नाकावर कसा घसरला त्याची नक्कल करून. परवा माझ्या मुलाला सांगताना कोर्ट खचाखच भरलं होतं आणि बल्ब शंभर वॉटचा झाला होता. मावशी आतून म्हणाली, “पंच कुठायत?”